दुखापत झाल्यावर न्यायालयात जावे काय?

वाचन : निर्गम २१:१८-३६, मत्तय ५:२३-२६ व ३८-४२, प्रेषितांची कृत्ये १६:३५-४०, १ करिंथ ६:१-८



हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत वरचेवर येतो, आणि बहुधा आपण त्याचे उत्तर फार लवकर देऊन मोकळे होतो. ख्रिस्ती माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. मीही ते ऐकले, रविवारच्या शाळेत शिकवले, आणि एकदा एका जखमी भावाच्या खाटेशी बसून त्याला सांगितले. माझा ह्या विषयाचा खरा अभ्यास त्या दिवसापासून सुरू झाला, म्हणून आरंभही तेथूनच करतो.

२०२२ च्या ऑगस्टमधील गोष्ट. आमच्या बेळगावकडील मंडळीतला एक गवंडी भाऊ चंदगड तालुक्यातले काम आटोपून संध्याकाळी मोटारसायकलने घरी परतत होता. हद्द ओलांडण्यापूर्वीच एका वळणावर समोरून आलेल्या टेंपोने त्याला उडवले. उजव्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून आत रॉड घालावा लागला. टेंपो आमच्याच मंडळीतील एका सभासदाचा. हे गृहस्थ विटा-वाळूचा धंदा करतात, मंडळीच्या प्रत्येक कामात पुढे असतात, आणि त्या गवंडी भावाला वर्षातले निम्मे काम त्यांच्याच ओळखीने मिळे. त्यांनी पहिल्याच रात्री दवाखान्यात चाळीस हजार रुपये भरले. ते मनापासून भरले, ह्याविषयी मला तेव्हा शंका नव्हती व आजही नाही.

तीन आठवड्यांनी मी आणि मंडळीचे दोन पंच जखमी भावाच्या घरी गेलो. जाताना मी एक कागद लिहून नेला होता. मालकाने आणखी तीस हजार द्यावेत, आणि जखमी भावाने आपली आता काही तक्रार नाही असे लिहून द्यावे, असा त्यातील मजकूर. आम्ही प्रार्थना केली. करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय मी वाचला. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. त्याची पत्नी चहा घेऊन आली, कप ठेवले, आणि दाराशी उभी राहून म्हणाली, "दादा, तुम्ही वाचलंत ते देवाचंच वचन आहे. पण ते सांगितलंय कुणाला? ज्याला धडक बसली त्याला, का ज्यानं दिली त्याला?"

मला उत्तर देता आले नाही. कागद खिशातच राहिला.

करिंथ येथे काय घडत होते?

वाचकांनी आता पवित्र शास्त्र उघडून तो अध्याय सावकाश वाचावा. आपण बहुधा सातव्या वचनाशी थांबतो. अन्याय का सोसत नाही, आपले नुकसान का होऊ देत नाही, असे पौल तेथे विचारतो. परंतु त्याच्या लगेच पुढे, आठव्या वचनात, तो उलट बाजूला वळतो. तुम्ही स्वतः अन्याय करता, दुसऱ्याचे नुकसान करता, आणि तेही भावांचे, असा त्याचा आरोप आहे. मी त्या खाटेशी सातवे वचन मोठ्याने वाचले आणि आठवे घाईने. विटांच्या धंद्यातले ते गृहस्थ तर त्या दिवशी तेथे नव्हतेच.

दुसरी गोष्ट, पौल ज्या वादांविषयी बोलतो ते संसारातील किरकोळ वाद आहेत; दुसऱ्या वचनात तो त्यांना क्षुल्लक म्हणतो. त्या काळच्या रोमी न्यायपद्धतीत पैशाच्या व मानमरातबाच्या माणसाचे पारडे मुळातच जड असे. लहान माणसाला मोठ्यावर दावा आणणे कठीण, मोठ्याने लहानाला खेचणे सोपे. तेव्हा पौलाची फटकार प्रामुख्याने न्यायासनाचा उपयोग आपल्या भावाला नाडण्याकरिता करणाऱ्यांवर आहे, असे मानण्यास आधार आहे.

आणि तिसरी गोष्ट आपण सर्वच विसरतो. पौल न्याय करूच नका असे म्हणत नाही. भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, असे तो पाचव्या वचनात विचारतो. म्हणजे मंडळीने न्याय करावा. दोन्ही बाजू ऐकाव्या, नुकसान किती ते मोजावे, आणि ज्याने केले त्याला सांगावे. आम्ही ह्यातले काही केले नव्हते. आम्ही फक्त एका बाजूला गप्प बसवण्यास गेलो होतो, आणि त्याला आम्ही समेट म्हणत होतो.

डोंगरावरील प्रवचनही त्या बाईच्या प्रश्नाने पुन्हा वाचून पाहावे. वेदीशी दान ठेवून आधी भावाकडे जा, हे प्रभूने कोणाला सांगितले? ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला. वाटेत असतानाच वाद्याशी समेट कर, हे कोणाला? ज्याला न्यायाधीशापुढे नेले जात आहे त्याला. कोणी फिर्याद करून अंगरखा घेऊ पाहिला तर वरचे वस्त्रही दे, हे कोणाला? पुन्हा ज्याच्यावर फिर्याद झाली आहे त्यालाच. प्रभूच्या तोंडी कोर्टाचा उल्लेख जेथे जेथे ह्या अध्यायात येतो, तेथे तेथे तो प्रतिवादीशी बोलत आहे. राहिली गालफडात मारण्याची गोष्ट. ती उजव्या गालावरची चपराक आहे. ती अपमानाची गोष्ट आहे, आणि अपमान गिळणे हे शिष्याचे काम आहे. मोडलेल्या मांडीमुळे लेकरांची भाकरी बंद पडणे हा निराळा विषय आहे.

नियमशास्त्रातील काठी

निर्गमाचा एकविसावा अध्याय आपल्या उपासनेत क्वचितच वाचला जातो. बैल, खड्डे, दात, डोळे, ह्यांत उपदेशाला काय मिळणार, असे आपल्याला वाटते. पण १८ व १९ ही वचने पाहा. एकाने दुसऱ्याला दगड किंवा बुक्की मारली, तो मेला नाही पण अंथरुणाला खिळला. पुढे तो उठून काठी टेकीत बाहेर हिंडू लागला, तर मारणारा मोठ्या शिक्षेतून सुटतो. तरी दोन गोष्टी त्याने केल्याच पाहिजेत : बुडालेल्या वेळाची भरपाई, आणि पूर्ण बरे होईपर्यंतचा उपचार. आमचा गवंडी भाऊ ख्रिस्तजयंतीला काठी टेकीतच उपासनेला आला. त्याला पाहून मला हे वचन आठवले आणि मान वर करवेना.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ह्या यहुदी ग्रंथात ह्याच नियमशास्त्राचा विस्तार करून जखमी माणसाच्या भरपाईच्या पाच बाबी मोजल्या आहेत : कायमची इजा, वेदना, औषधोपचार, बुडालेला वेळ आणि झालेली अप्रतिष्ठा. आता आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका अपघाताच्या निकालात भरपाईच्या बाबी सांगितल्या, त्याही पाहा : उपचाराचा खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई, पुढील उपचार, वेदना व मनस्ताप, जगण्यातल्या सुखाची हानी. ह्याच निकालात न्यायालयाने असेही समजावून सांगितले की, हात किंवा पाय शेकडा किती निकामी झाला हे मोजून भागत नाही. त्या माणसाचा धंदा कोणता हे पाहिले पाहिजे. डावा हात गेला तर सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाते, कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. मांडीत रॉड असलेला कारकून खुर्चीवर बसेल. गवंड्याला परांचीवर चढावे लागते.

त्याच अध्यायात बैलाचा नियम आहे. बैलाने अचानक शिंग मारले तर मालक निर्दोष. पण बैल मारका आहे हे मालकाला आधी सांगितलेले असून त्याने त्याला आवरले नाही, तर मालक जबाबदार. ह्या नियमाचे काम पुढे पडणार आहे.

पौलाने स्वतःच्या बाबतीत काय केले हे थोडक्यात पाहू. फिलिप्पैत त्याला चौकशीवाचून फटके मारले. दुसऱ्या दिवशी गुपचूप जा म्हणून निरोप आला, तेव्हा त्याने नकार दिला. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, अशी मागणी त्याने केली. पुढे फेस्तापुढे त्याने कैसराजवळ न्याय मागितला. पौल सूड घेत नाही, पैसाही मागत नाही; परंतु झालेला अन्याय झाकून टाकण्यासही तयार होत नाही.

सोडून देणे कोणाच्या हाती?

ह्यावरून प्रत्येक खरचटण्याला दावा ठोकावा असे कोणी समजू नये. गुडघा फुटला, आठ दिवसांचा रोज बुडाला, समोरच्याने येऊन चूक कबूल केली, तर तेथेच हात जोडून मोकळे व्हावे. भरपाईच्या नादाने दहा वर्षे मन कडू करून घेणारी माणसेही मी पाहिली आहेत, आणि त्यांतील काहींना पैसे मिळाले तरी त्यांची झोप परत आली नाही. तसेच मोठी इजा होऊनही कोणी समजून उमजून आपला हक्क सोडतो. त्याच्यापुढे आपण आदराने उभे राहावे. पण ते दान त्याचे आहे. ते त्याच्याकडून वदवून घेण्याचा अधिकार पंचांना नाही, उपदेशकाला तर मुळीच नाही. शिवाय त्या दानात बायको-मुलांचा वाटा असतो. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:८) पौलाने फार कडक शब्द वापरले आहेत.

आणि क्षमा व भरपाई ह्या दोन वस्तू एक नव्हेत. जक्कयाला प्रभूने आधी स्वीकारले, आणि जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन त्यानंतर दिले. क्षमा मिळाली म्हणून देणे संपले, असे त्याला वाटले नाही.

कायद्याची थोडी माहिती

आपले शिक्षक व पंच ह्यांना ही माहिती असावी, कारण जखमीच्या घरी पहिले तेच पोहोचतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात २०१९ साली मोठे बदल झाले. रस्त्यावरील प्रत्येक वाहनाला तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे. म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे केलेला दावा नावाला मालकाविरुद्ध दिसला, तरी भरपाई साधारणतः विमा कंपनी देते. भावाला कोर्टात खेचले असे आपण म्हणतो तेव्हा हे आपल्या ध्यानात नसते. पोलिसांचा फौजदारी खटला वेगळा. तो सरकार चालवते. भरपाईचा दावा जखमीने करायचा. गंभीर दुखापतीत चूक कोणाची हे सिद्ध न करताही अडीच लाख रुपयांची भरपाई मागण्याची तरतूद (कलम १६४) आहे. धडक देऊन वाहन पळून गेले, सापडलेच नाही, तर गंभीर जखमीला पन्नास हजार व मृताच्या कुटुंबाला दोन लाख रुपये मिळण्याची योजना आहे.

मुदतीकडे विशेष लक्ष द्यावे. पूर्वी बरीच वर्षे अशा दाव्याला कालमर्यादा नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मर्यादा पुन्हा आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही देण्यात आले. परंतु त्यावर विसंबून कोणी थांबू नये. समेट करू, बसून बोलू, म्हणत आपल्या पंचांनी चार महिने घालवले, तर त्या गरीब माणसाचे दार आपणच बंद करतो.

आम्हा सीमाभागातल्या लोकांस उपयोगी अशी एक गोष्ट. अपघात जेथे झाला तेथेच दावा केला पाहिजे असे नाही. जखमी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणापुढेही तो करता येतो. अपघात चंदगडकडे झाला तरी बेळगावच्या माणसाला बेळगावात दावा करता येतो. मात्र आमच्याकडे कोर्टाचे कागद कन्नडात असतात, आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ते वाचता येत नाहीत. जाणत्याकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये. हाड जुळण्याआधी कसल्याच कागदावर करू नये. माझा तो खिशातला कागदही त्यातच आला. तीन आठवड्यांत कोणत्या डॉक्टरला सांगता येणार होते की हा माणूस पुन्हा परांची चढेल की नाही?

दवाखान्याच्या दारात कोणी भरपाईत अमुक हिस्सा द्या, सारे करून देतो असे म्हणू लागला, तर त्याला वाट दाखवावी. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठेवणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कारखान्यांतील कामगार व अल्प उत्पन्नाचे लोक ह्यांना तेथे मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड होते, आणि त्या निवाड्यावर अपील नसते. वाटेतच समेट करण्याची प्रभूची आज्ञा पाळण्यास ही जागा वाईट नाही.

पगारी ड्रायव्हर

आता आमच्या प्रकरणाचा कठीण भाग. टेंपो त्या संध्याकाळी मालकाचा भाचा चालवत होता. त्याच्याजवळ लायसन नव्हते, आणि हे मालकाला ठाऊक होते. बैलाचा नियम वाचकांना आठवत असेल. पोलिसांना मात्र मालकाने पगारी ड्रायव्हरचे नाव सांगितले होते. जखमी भावाने भाच्याला पाहिले होते, ओळखले होते. त्याचा जबाब व्हायचा होता. मालकाने त्याला निरोप धाडला : ड्रायव्हरचेच नाव सांग, कंपनी पैसे देईल, तुझेही भले, माझेही, कंपनीला काय फरक पडतो?

भावाने मला विचारले, "दादा, ह्यात पाप आहे का? सगळ्यांचंच भागतंय."

खरे सांगतो, क्षणभर मलाही ते सोयीचे वाटले. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मी मुलांकडून पाठ करून घेतो; पण येथे खोट्याने कोणाचेच वाईट होत नाही असे दिसत होते. मग ध्यानात आले की एका माणसाचा आम्ही कोणीच विचार केलेला नाही. तो पगारी ड्रायव्हर. तो आपल्या मंडळीचा नव्हता. खटला त्याच्यावर चालणार होता, लायसनवर त्याचे पोट होते, आणि नोकरी जाईल म्हणून तो गप्प होता.

ह्या वेळी आम्ही मालकाच्या घरी गेलो. दोन बैठका वादात गेल्या. खरे सांगितले तर अशा प्रकरणांत न्यायालये बहुधा कंपनीला आधी जखमीस पैसे देण्यास लावतात, आणि ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देतात. म्हणजे भार शेवटी मालकावरच. हे आम्ही त्यांच्यापासून लपवले नाही. भाच्याची आई रडली, आणि माझ्याशी ती अजून बोलत नाही. तिसऱ्या बैठकीत मालक स्वतःच म्हणाले की रात्री झोप येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन पोलिसांकडे गेले.

दावा जानेवारी २०२३ मध्ये, मुदतीत दाखल झाला. निकाल लागण्यास दोन वर्षांहून अधिक काळ गेला. कंपनीने जखमीस पैसे दिले. मालक आता कंपनीला हप्त्याने फेडत आहेत. गवंडी भाऊ परांचीवर चढत नाही. जमिनीवरचे फरशीचे काम करतो, आणि थंडीत पाय दुखतो. दोघेही प्रभूभोजनाला येतात. बोलणे अजून कामापुरतेच आहे. मागच्या पावसाळ्यात मालकांनी आपल्या गोदामाची फरशी त्याच्याकडून करून घेतली, आणि मजुरीत एक पैसा कमी-जास्त केला नाही. जास्त दिले असते तर आपण ते घेतले नसते, असे तो मला म्हणाला.

मोठ्या मुलांच्या वर्गासाठी प्रश्न

१. अनुवाद २२:८ मध्ये नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा असे सांगितले आहे. तुमच्या घरी, दुकानात किंवा गाडीत असा कोणता कठडा राहून गेला आहे?

२. लूक १८ मधील विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा गेली. तिच्या गावातील पंचांनी तिला घरी बसण्यास सांगितले असते, तर प्रभूने हा दृष्टांत कसा सांगितला असता?

३. प्रस्तुत लेखातील पगारी ड्रायव्हरच्या जागी तुम्ही असता, तर मंडळीच्या लोकांकडून तुम्हाला काय अपेक्षा असती? (ह्या प्रश्नाला शिक्षकांनी पुरेसा वेळ द्यावा. आमच्या वर्गात पहिला हात एका ड्रायव्हरच्या मुलाने वर केला होता.)